तांब्याची जागा

अंगावर कोडाचा पहिला पांढरा ठिपका दिसला की घरात सल्ल्यांची रीघ लागते. मासे आणि दूध एकत्र खाऊ नका, आंबट बंद करा, आणि रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी सकाळी अनशापोटी प्या. पहिल्या दोन सल्ल्यांना काहीच आधार नाही. तिसऱ्याला अर्धा आधार आहे, आणि तोच मला जास्त घातक वाटतो. त्वचा, केस आणि डोळे यांना रंग देणारं मेलॅनिन ज्या विकरामुळे तयार होतं, त्या टायरोसिनेजच्या गाभ्यात खरोखरच तांबं असतं. ते काढून घेतलं की विकर निकामी होतं. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण त्यावरून ‘तांबं वाढवा म्हणजे रंग येईल’ किंवा ‘तांबं अडवा म्हणजे गोरेपणा येईल’ असं जे काढलं जातं, ते चूक आहे. रंग तांब्यात नसतो. ते तांबं प्रथिनाच्या कुठल्या घडीत बसलं आहे, कुणी धरलं आहे, त्याच्यापर्यंत काय पोहोचू शकतं आणि भोवतीचं पाणी किती आम्ल आहे, यावर रंग ठरतो. हा फरक न ओळखल्याची किंमत लोकांनी आपल्या कातडीने मोजली आहे, आणि काहींनी मूत्रपिंडानेही.

टायरोसिनेजचा शोध लागला तो अळंबीत. कापल्यावर काळ्या पडणाऱ्या एका रानटी अळंबीचा पाठपुरावा करताना 1895-96च्या सुमारास फ्रान्समध्ये बुर्कलो आणि बेरत्राँ यांना हे विकर सापडलं. 1938 मध्ये कुबोविट्झ यांनी बटाट्यातल्या अशाच विकरात तांबं असल्याचं दाखवलं. खरी रचना दिसायला मात्र प्रथिनांचे स्फटिक करून क्ष-किरणांनी पाहण्याची वाट बघावी लागली: 1998 मध्ये रताळ्यातलं, याच कुळातलं कॅटेकोल ऑक्सिडेज, 2006 मध्ये एका जिवाणूचं टायरोसिनेज, 2011 मध्ये बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या अळंबीचं.

ही रचना जवळून पाहण्यासारखी आहे. प्रथिनाची चार सर्पिलं एकमेकांना टेकून उभी असतात, आणि त्यांच्या मधल्या खोबणीत तांब्याचे दोन अणू बसलेले असतात. प्रत्येकाला तीन हिस्टिडिन धरून ठेवतात. हिस्टिडिन हे एक अमिनो आम्ल. त्याच्या कडीतला नायट्रोजन धातू पकडायला सोयीचा असतो. माणसाच्या टायरोसिनेजची साखळी 529 अमिनो आम्लांची आहे. तिच्यातले 180, 202 आणि 211 क्रमांकाचे हिस्टिडिन पहिलं तांबं धरतात, तर 363, 367 आणि 390 क्रमांकाचे दुसरं. साखळीच्या हिशेबात ही दोन त्रिकुटं दीडशे घरं लांब आहेत. घडी पडते तेव्हाच ती समोरासमोर येतात. मग ऑक्सिजनचा एक रेणू दोन तांब्यांच्या मध्ये आडवा शिरतो, दोन्ही तांब्यांना एकाच वेळी चिकटतो, आणि त्याचा स्वतःचा बंध सैल होतो. त्या वेळी दोन तांब्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या सुमारे तीस लाखाव्या भागाएवढं असतं. असा सैल झालेला ऑक्सिजन टायरोसिन या अमिनो आम्लाच्या कडीवर बसतो आणि डोपाक्विनोन तयार होतं. पुढचा प्रवास बराचसा आपोआप होतो. जवळ सिस्टेइन हे अमिनो आम्ल असेल तर लालसर-पिवळं मेलॅनिन बनतं, नसेल तर तपकिरी-काळं. अवघड पायरी ही पहिलीच, आणि ती या खोबणीत पार पडते.

आता हीच खोबण दुसरीकडे पाहू. ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बर्फ कमी पडला की कोळंबीची डोकी काळी पडू लागतात. कोळंबी सडलेली नसते, पण काळ्या डोक्याच्या मालाला भाव येत नाही, म्हणून निर्यातीचा माल सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यातून काढतात. हा काळेपणाही मेलॅनिनचाच. जिवंतपणी त्याच रसायनाने कोळंबी आपली जखम बुजवते, शिरलेल्या जंतूला वेढून टाकते, कवच कडक करते. मेल्यावर आवर सुटतो आणि ते डोक्यात पसरतं.

त्याच कोळंबीच्या रक्तात हिमोसायनिन नावाचं प्रथिन असतं. आपल्या रक्तात लोह जे काम करतं, ते तिथे तांबं करतं. ऑक्सिजन घेतल्यावर हिमोसायनिन निळं दिसतं, सोडल्यावर रंगहीन. त्याच्या गाभ्यात काय आहे? तेच दोन तांबे, तेच सहा हिस्टिडिन, तसाच मध्ये आडवा पडणारा ऑक्सिजन. खेकडा, विंचू, माकूल, अष्टपाद या सगळ्यांत हीच मांडणी आहे. मग टायरोसिनेज रंग बनवतं आणि हिमोसायनिन नुसता ऑक्सिजन वाहून नेतं, हे कसं? उत्तर खोबणीच्या तोंडाशी आहे. खेकड्या-विंचवांच्या वर्गातल्या हिमोसायनिनमध्ये फेनिलअॅलॅनिनचं एक टोक बरोबर त्या जागी आडवं आलेलं असतं, जिथे टायरोसिनसारखा रेणू शिरायला हवा. ऑक्सिजन लहान, तो आत जातो, टायरोसिनसारखं फिनॉल अडकतं. 1998 मध्ये जर्मनीत हाइन्झ डेकर आणि सहकाऱ्यांनी टॅरँटुला कोळ्याच्या हिमोसायनिनचं हे आडवं टोक विकराने कापून दूर केलं, आणि ऑक्सिजन वाहणारं ते प्रथिन रंगाची पहिली पायरी करू लागलं. तांब्याला कुणी हातही लावला नव्हता. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच. ‘या विकरात तांबं आहे म्हणून ते रंग बनवतं’ हे वाक्य त्यानंतर अपुरं ठरतं, आणि अपुरी वाक्यं शाळेत पाठ होतात म्हणून ती दुरुस्त करणं मला गरजेचं वाटतं.

दुसरा पुरावा आपल्याच त्वचेतला आहे. रंगपेशीत टायरोसिनेजचे दोन सख्खे भाऊ असतात. घडी जवळपास सारखी, सहा हिस्टिडिन जागच्या जागी. ते दोघेही मेलॅनिनच्या पुढच्या पायऱ्यांशी जोडलेले आहेत. दुसऱ्या क्रमांकाचा भाऊ जस्तावर चालतो हे आधीपासून ठाऊक होतं. पहिल्यात तांबं असावं असं अनेक वर्षं धरून चालले होते. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा खोबणीत दोन जस्त निघाले. सहा हिस्टिडिन तेच, धातू वेगळा, काम वेगळं. जस्त ऑक्सिजनला तसं चेतवू शकत नाही. म्हणजे केवळ हिस्टिडिनांची यादी वाचून आत कुठला धातू बसेल हेसुद्धा सांगता येत नाही. भोवतालचे शेजारी कोण आहेत, ते पाहावं लागतं.

यावर कुणी विचारील, मग तांब्याला महत्त्वच नाही का? आहे, आणि त्याचा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांनी दिला. तिथल्या काही भागांत जमिनीत तांबं इतकं कमी की चाऱ्यातही ते येत नाही. 1937 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात बेनेट्स आणि चॅपमन यांनी कोकरांच्या लुळेपणाचा संबंध तांब्याच्या कमतरतेशी जोडला. अशा मेंढ्यांच्या लोकरीचा नैसर्गिक कुरळेपणा जातो, ती तारेसारखी सरळ होते. काळ्या मेंढीत तर बदल डोळ्यांना दिसतो. तांबं कमी पडलं की वाढणारी लोकर करडी-पांढरी निघते, चाऱ्यातून तांबं दिलं की पुन्हा काळी. देणं आणि थांबवणं आळीपाळीने केलं तर एकाच केसावर काळे-पांढरे पट्टे उमटतात.

या लोकरीने पुढे माणसाच्या आजाराचं कोडं सोडवलं. 1962 मध्ये अमेरिकेत जॉन मेंकेस यांनी तान्ह्या मुलग्यांच्या एका जीवघेण्या आजाराचं वर्णन केलं होतं: फिके, ठिसूळ, पिळवटलेले केस, झटके, मेंदूची वाढ खुंटणं, आणि बहुतेकांचा पहिल्या काही वर्षांत मृत्यू. कारण कळत नव्हतं. मेलबर्नचे डॉक्टर डेव्हिड डँक्स यांना या बाळांचे केस तांबं कमी पडलेल्या मेंढ्यांच्या लोकरीसारखे वाटले. त्यांनी रक्तातलं तांबं मोजलं, ते फार कमी निघालं. 1972 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. एका देशात पशुवैद्यक आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यात असं येणं-जाणं असलं की काय घडू शकतं, याचं मला हे फार मोठं उदाहरण वाटतं.

पण मेंकेसच्या आजाराची गोष्ट इथे थांबत नाही. या बाळांच्या आहारात तांबं कमी नसतं. पेशीत तांबं उचलून योग्य कप्प्यात नेणारा एक प्रथिन-पंप त्यांच्यात बिघडलेला असतो. त्याचं जनुक 1993 मध्ये सापडलं. आतड्याच्या पेशींत तांबं साचून राहतं आणि पुढे जात नाही. अशा बाळाला तोंडाने कितीही तांबं पाजलं तरी उपयोग नाही. म्हणून तांबं हिस्टिडिनशी जोडून त्वचेखाली टोचतात, आणि तेही जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू केलं आणि पंप थोडाफार शाबूत असला तरच गुण येतो.

रंगपेशीतही हाच पंप लागतो. टायरोसिनेज तयार होतं आणि त्याची घडी बसते एका ठिकाणी, पण प्रत्यक्ष काम ते करतं मेलॅनोसोम नावाच्या इवल्या पिशवीत. वाटेत एकदा त्याला तांबं मिळतं, पण ते सुटून जातं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की मेलॅनोसोमपर्यंत हा पंप स्वतः पोहोचला नाही तर टायरोसिनेज तिथे हजर असूनही कोरडंच राहतं. निरोगी माणसाच्या शरीरात तांब्याचा एकूण साठा शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि रोजची गरज एक-दोन मिलिग्रॅमची. तीळ, शेंगदाणे, डाळी खाणाऱ्या घरात ती सहज भागते. अडचण येते ती पोहोचवण्यात.

आणि ‘जास्त गेलं तरी बिघडलं कुठे’ हेही खरं नाही. महाराष्ट्रात हे वेगळं सांगावं लागू नये, कारण त्याचा मोठा पुरावा पुण्यात उभा राहिला. भारतीय बालयकृतकाठिण्य नावाचा आजार एके काळी आपल्याकडे तान्ह्या मुलांचे जीव घेत असे. त्यांची यकृतं तांब्याने भरलेली असत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत 1983 मध्ये याचा संबंध पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या, साठवलेल्या दुधाशी जोडला. दुधातलं केसिन भांड्यातलं तांबं ओढून घेतं. घराघरांत स्टील आलं आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला. साध्या पाण्यात दुधाइतकं तांबं उतरत नाही हे मान्य. पण ‘तांबं म्हणजे औषधच’ म्हणणाऱ्या समाजाने आपल्याच शहरातलं हे संशोधन विसरू नये.

आता घडीकडे. जन्मतः रंगहीनतेच्या एका मुख्य प्रकारात टायरोसिनेजचं जनुक बिघडलेलं असतं. सहज वाटतं की बिघाड तांब्याच्या खोबणीत असणार. काहींत तो तिथे असतोही. पण रुथ हालाबन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं की अशा अनेक बिघाडांत प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि पेशीची तपासणी यंत्रणा त्याला कारखान्याबाहेरच सोडत नाही. ते मेलॅनोसोमपर्यंत जातच नाही, मग तांबं बसण्याचा प्रश्न दूरच. सयामी मांजराचं नाक, कान, पंजे आणि शेपूट काळी आणि धड फिकं का असतं, याचं उत्तरही घडीतच आहे. या मांजराचं टायरोसिनेज शरीराच्या उबेत नीट काम करत नाही, थंड टोकांना करतं. माणसातही 402व्या जागी अर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आलेलं एक रूप आहे. ते 37 अंशांना अडकून पडतं आणि 31 अंशांना सुटतं. सहा अंशांनी माणसाच्या रंगाचा एक धागा हलतो, आणि तांबं सगळीकडे सारखंच असतं.

या रूपाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती थेट कोडाकडे नेते. कोडात विकर बिघडत नाही. शरीराचीच संरक्षक टी-पेशींची फौज रंगपेशी मारून टाकते, आणि तिला ओळखू येणाऱ्या खुणांपैकी एक खूण टायरोसिनेजचे तुकडे हीच असते. 2010 मध्ये रिचर्ड स्प्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर सांगितलेलं घडी न बसणारं रूप ज्यांच्यात असतं, त्यांना कोडाचा धोका कमी आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा जास्त. बहुधा अर्धवट अडकलेल्या प्रथिनाचे तुकडे टी-पेशींच्या नजरेस कमी पडत असावेत. म्हणजे पांढऱ्या डागात तांब्याची उणीव शोधणं म्हणजे जिथे पेशीच उरली नाही तिथे तिच्या पोटातल्या विकराला खाऊ घालणं. कोडावर जे उपचार खरंच चालतात ते दुसऱ्या दिशेने जातात: 311 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश, संरक्षक पेशींचा संदेश अडवणारी मलमं. गुण येऊ लागला की डागात आधी केसांच्या मुळांभोवती रंगाचे बारीक ठिपके उमटतात, कारण नव्या रंगपेशी तिथल्या साठ्यातून वर चढतात. हे ठिपके पाहून कुटुंबाला धीर द्यावा. लग्नाच्या बाजारात लपवालपवी करण्यात आणि पथ्यांत त्यांनी वर्षं घालवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

राहिला आपल्या समाजाचा सर्वांत लाडका आणि सर्वांत लाजिरवाणा विषय, गोरेपणा. सावळ्या आणि गोऱ्या कातडीत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. 2001 मध्ये ब्रायन फुलर आणि सहकाऱ्यांनी काळ्या आणि गोऱ्या माणसांच्या रंगपेशी वाढवून पाहिल्या. टायरोसिनेजचं प्रमाण दोन्हींत बरंचसं सारखं होतं, पण गोऱ्यांच्या पेशींत त्याचं काम फार मंद होतं. मेलॅनोसोममधली आम्लता कमी करणारी रसायनं दिली, तर नवं प्रथिन न बनताच त्या पेशींत विकराचं काम जोरात सुरू झालं. म्हणजे विकर होतं, तांबंही होतं, भोवतीची आम्लता त्याला दाबून ठेवत होती. केळफूल चिरल्यावर काळं पडू नये म्हणून ते ताकात टाकतात, त्यामागचं रसायनही बरंचसं हेच आहे. ज्या फरकावर आपण जातीपातीची, सौंदर्याची आणि हुंड्याची एवढी मोठी इमारत उभी केली, त्याचा एक मोठा वाटा पिशवीतल्या आम्लतेचा आहे, हे एकदा तरी वर्गात स्पष्ट सांगितलं जावं.

त्याऐवजी आपण विकतो काय? तांब्याला पकडणारं, नाहीतर खोबणीत जाऊन बसणारं रसायन. कोजिक आम्ल तांब्याशी जुळतं, हायड्रोक्विनोन आणि आर्ब्युटिन टायरोसिनची जागा घेतात. यांची तपासणी वर्षानुवर्षं झाली ती अळंबीच्या टायरोसिनेजवर, कारण ते स्वस्त आणि सहज मिळतं. 2018 मध्ये एका जर्मन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 50,000 रसायनं थेट माणसाच्या टायरोसिनेजवर तपासली. कोजिक आम्ल तिथे फार दुबळं निघालं, हायड्रोक्विनोन आणि आर्ब्युटिन त्याहून दुबळे. जे रसायन माणसाच्या विकरावर सर्वांत प्रभावी ठरलं, ते अळंबीच्या विकरावर सुमारे शंभरपट कमी चालतं. तांबं दोन्हींकडे तेच, हिस्टिडिनही तेच. खोबणीच्या काठाचे शेजारी वेगळे. म्हणजे कित्येक दशकं उद्योगाने चुकीच्या दारावर टकटक केली, आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाने दिले.

पैशावर भागलं असतं तर बरं होतं. खोबणीत शिरणारं प्रत्येक फिनॉल तिथे नुसतं बसून राहत नाही. विकर त्याचंही ऑक्सिडीकरण करतं, आणि निघालेलं क्विनोन रंगपेशीला विष ठरू शकतं. 1939 मध्ये अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात रबरी मोज्यांतल्या अशाच एका रसायनाने पांढरे पडले होते. आपल्याकडे चिकट टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉलने कित्येक बायकांच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडला, आणि तो कोड समजला गेला. 2013 मध्ये जपानमध्ये ऱ्होडोडेंड्रॉल घातलेली गोरेपणाची प्रसाधनं बाजारातून परत बोलवावी लागली. वापरणाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्क्यांना पांढरे चट्टे उठले होते, म्हणजे हजारो माणसांना. परवानगी मिळालेलं, तपासलेलं उत्पादन होतं ते. पाऱ्याच्या क्रीमचं तर बोलायलाच नको. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी अलीकडे अशा क्रीमशी जोडलेले मूत्रपिंडाचे रुग्ण नोंदवले आहेत.

उन्हाचे वांग, भाजल्याचे डाग, बाळंतपणानंतरचे चट्टे यांवर उपाय शोधण्याला माझा विरोध नाही. त्या बाईचा त्रास खरा असतो आणि तिला चांगलं औषध मिळायलाच हवं. पण ‘टायरोसिनेज रोखतं’ एवढी एक ओळ छापून रसायन विकू देणं बंद व्हायला हवं. ते कुणाच्या टायरोसिनेजवर तपासलं, अळंबीच्या की माणसाच्या. खोबणीत गेल्यावर त्याचं पुढे काय होतं. आणि तपासणीत रंगपेशी जिवंत राहिल्या की मेल्या, या तीन प्रश्नांची उत्तरं उत्पादकाने परवाना मागतानाच द्यावीत आणि वेष्टनावर मराठीत छापावीत. यासाठी लागणारं माणसाचं टायरोसिनेज आज प्रयोगशाळेत तयार करता येतं.